पान एकशे शहात्तरनंतरचं जेवण

मी एक जुनी कादंबरी आहे. गेल्या मंगळवारी माझा लगदा झाला. आधी पाणी, मग पाती, मग पुन्हा पाणी. फार वेळ लागत नाही.

मित्रांनो, आता आपण असं धरून चालू की हे काही झालंच नाही. तुम्हालाही तेच सोयीचं आहे आणि मलाही. लगद्याचं आत्मवृत्त कुणी वाचत नाही, आणि लगद्याने ते सांगत बसणं शोभतही नाही.

तर मी एक जुनी कादंबरी आहे. दोनशे आठ पानांची, ठणठणीत, कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेली. माझ्यात एक गोरी मुलगी आहे, एक काळा मुलगा आहे, आणि त्यांचं एकमेकांवर प्रेम आहे. ते का आहे, हे दोनशे आठ पानांत कुठेही सांगितलेलं नाही. मी स्वतः पुष्कळ शोधलं.

माझी लेखिका वाईट बाई नव्हती. तिला फक्त धीर नव्हता. मुलगा खोलीत आला की ती घाबरायची आणि घाईघाईने त्याच्या रंगाला एखादी खाण्याची वस्तू चिकटवायची. पान नऊवर तो कॉफीसारखा आहे. पान तेवीसवर चॉकलेटसारखा. पान चाळीसवर भाजलेल्या बदामासारखा. मला वाचून लोकांना प्रेमात पडावंसं वाटलं नाही, पण भूक लागली असं बऱ्याच जणांनी सांगितलं. त्या बिचाऱ्याच्या वाट्याला सगळी मिळून एकेचाळीस वाक्यं आली, आणि त्यांतली एकोणीस 'मला समजतं' अशी आहेत. पान एकशे अठ्ठावन्नवर तो तळ्यात उडी मारून मुलीच्या धाकट्या भावाला वाचवतो, म्हणून मुलीच्या घरचे त्याला जेवायला बोलावतात. तो धाकटा भाऊ त्यानंतर पुस्तकात कुठेच दिसत नाही. वाचला एवढं नक्की. पुढे कुठे गेला, मलाही ठाऊक नाही. कुणी विचारलंही नाही.

पण मित्रांनो, माझ्यात अकरा पानं चांगली होती. अगदी खरी, मन लावून लिहिलेली. ती त्या जेवणाची होती. मुलगा पहिल्यांदा मुलीच्या घरी जातो, टेबलाशी बसतो, आणि तिचा बाप त्याच्याशी बोलतो. बाप काय बोलतो, ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. कारण ती पानं माझ्यात कधी आलीच नाहीत.

झालं असं. छापखान्यात एका मोठ्या कागदावर सोळा पानं एकदम छापतात, मग त्याच्या घड्या घालून शिवतात. या सोळा पानांच्या गठ्ठ्याला फॉर्म म्हणतात. माझी मूळ पानं भरली दोनशे एकोणीस. संपादकांनी पेन्सिलने हिशेब केला. ते शांत गृहस्थ होते. माणूस गेल्याची बातमीही त्यांनी त्याच आवाजात दिली असती.

"तेरा फॉर्म झाले आणि वर अकरा पानं उरली," ते म्हणाले. "चौदावा फॉर्म घेतला तर शेवटी पाच पानं कोरी जातील."

"जाऊ देत की," लेखिका म्हणाली.

"बाई, शेवटी पाच पानं कोरी दिसली की लोक म्हणतात, लेखिकेला सुचलं नाही."

"मग काय काढायचं?"

"जेवण काढा. बरोबर अकरा पानं आहे. जेवतात हो सगळेच, त्यात लिहायचंय काय?"

लेखिकेने खिडकीबाहेर बघितलं. मग 'हो' म्हणाली. मघाशी म्हटलं ना, धीर नव्हता. तिने अकरा पानं परत पिशवीत ठेवली आणि पुढच्या प्रकरणाच्या सुरुवातीला एक वाक्य घातलं.

म्हणून माझं अकरावं प्रकरण पान एकशे शहात्तरवर असं संपतं: 'दोघं दाराशी उभी राहिली. त्याने बेलवर बोट ठेवलं.' खाली अर्धं पान कोरं. आणि पान एकशे सत्त्याहत्तर असं सुरू होतं: 'सगळं अगदी छान पार पडलं होतं.'

एकशे शहात्तर म्हणजे अकरा सोळे. म्हणजे ती जागा नेमकी दोन फॉर्मच्या मध्ये पडली. बांधणाऱ्याने दोरा ओढला, गाठ मारली, डिंक लावला. बाकी सगळीकडे मी घट्ट बसले. तिथे नाही. तिथे एक फट राहिली, केसाएवढी. मला टेबलावर ठेवलं की मी तिथेच उघडायचे, बोलावल्यासारखी.

आणि त्या फटीतून आवाज यायचे.

पहिल्यांदा ऐकू आले तेव्हा मी गोदामात होते, माझ्यासारख्याच नऊशे जणींबरोबर. खुर्ची सरकवल्याचा आवाज. मग ताटं. मग कुणीतरी घसा खाकरला. एका मोठ्या माणसाचा घसा, आता काहीतरी बोलणार असा. आणि मग काहीच नाही. थोड्या वेळाने पुन्हा खुर्ची, ताटं, घसा. मी शेजारणीला विचारलं, तुझ्यातही होतंय का हे? ती म्हणाली, गप्प पड, सगळ्यांतच होतंय. नऊशे जणींमध्ये नऊशे बाप घसा खाकरत होते आणि एकही बोलत नव्हता.

त्या दोघांचं सांगते. माझी मुलगी आणि माझा मुलगा. पुस्तक मिटलं की बाकीची पात्रं निजतात. ही दोघं नाही. ती तिथे, पान एकशे शहात्तरच्या शेवटच्या ओळीवर उभी असायची. त्याचं बोट बेलवर. वर्षानुवर्षं. पान एकशे सत्त्याहत्तरवर त्यांच्या नावाने जे हसतात ना, ते दुसरेच कुणीतरी आहेत. खरी दोघं दारातून आत गेलीच नाहीत. कुणी मला त्या पानावर उघडलं की त्यांना वाटायचं, उघडलं दार. मग वाचणारा 'हे काय!' असं म्हणायचा आणि मला मिटून टाकायचा.

मी एका सार्वजनिक वाचनालयात आले. सुरुवातीला मान मिळाला. खिडकीजवळच्या फळीवर, तोंड बाहेर करून ठेवलं होतं मला. सलोख्याच्या साहित्याचं उत्तेजनार्थ बक्षीसही मिळालं. परीक्षकांनी पान चाळीसपर्यंत वाचलं होतं. तिथे त्यांच्या बिस्किटाचे कण होते. पण वाचकांनी पेन्सिलीने काय काय लिहिलं! एकशे शहात्तरच्या कडेला कुणी 'मग??' लिहिलं. त्याखाली दुसऱ्या अक्षरात 'फसवणूक'. त्याखाली तिसऱ्या, फार बारीक अक्षरात: 'इथे गार का लागतं?' हे शेवटचं कुणी लिहिलं ते कळलं नाही. त्या सुमारास मला कुणी नेलंच नव्हतं.

पुढे मला मागच्या खोलीत हलवलं. बाराव्या कपाटात, भिंतीकडच्या बाजूला, तळाशी. शेजारी शिवणयंत्राच्या दुरुस्तीचं पुस्तक होतं. सज्जन, पण बोलायला विषय नाही.

एकदा दुपारी एक म्हातारी बाई आली. खाली बसायला तिला बराच वेळ लागला. तिने मला बाहेर काढलं आणि मी आपोआप उघडले, नेहमीच्या जागी. ती माझी लेखिका होती. तिने पिशवीतून अकरा टंकलिखित कागद काढले. पिवळे पडले होते, पण अकराच्या अकरा. तिने ते माझ्यात ठेवले.

मित्रांनो, एक मिनिट मी पूर्ण होते. मला आठवतंय, फटीतला बाप श्वास घेत होता.

"ओ ताई," मागून ग्रंथपालबाई म्हणाल्या, "पुस्तकात कागद ठेवू नका. शिवण ताणते."

"पण हे यातलेच आहेत," लेखिका म्हणाली.

"यातले असते तर यातच असते ना?"

ग्रंथपालबाईंनी कागद अदबीने काढून, टोकं जुळवून तिच्या हातात दिले. चुकीचं काही वागल्या नाहीत त्या. लेखिका मला म्हणाली, "माफ कर गं," आणि कपाटाला धरून उठली. पुढच्या हिवाळ्यात वर्तमानपत्रात तिचा फोटो आला, नखाएवढा. अकरा कागदांचं काय झालं, ते त्यात लिहिलेलं नव्हतं.

त्यानंतर सात वर्षं मला कुणी हात लावला नाही. आणि मग ठमी आली.

ठमी हे तिचं खरं नाव नव्हे. तिची आत्या तिला तशी हाक मारायची. वय सोळा, रंगाने काळी, चालताना पायऱ्या मोजायची सवय. तिच्याबरोबर वर्गातला एक मुलगा असायचा. गोरा, उन्हात लगेच लाल होणारा, आणि इतका उंच की त्याला सगळे लांबू म्हणत. ठमीने मला पाठीवरच्या मजकुरावरून उचललं. पाठीवर लिहिलं होतं: 'दोन रंग, एक धडधड.' तिला वाटलं, यात काहीतरी उपयोगी असेल.

ती दोघं कपडे धुण्याच्या दुकानाबाहेरच्या बाकावर बसून मला मोठ्याने वाचायची. आत यंत्रं घुमत असायची.

"यात तो काळा आहे नि ती गोरी," ठमी म्हणाली. "आपलं उलटं आहे."

"मग मी तिची वाक्यं म्हणतो, तू त्याची म्हण."

"मला सगळी मिळून एकेचाळीसच आहेत, लांबू."

"मला समजतं."

"ए, ते माझं वाक्य आहे!"

इतकी वर्षं मी लोकांना भूक लावली होती. हसवलं पहिल्यांदाच. पण हसता हसता ठमी गप्प झाली. ती लांबूच्या घरी आधीच जाऊन आली होती. तिथे सगळे तिच्याशी इतकं चांगलं वागले होते की घरी येईपर्यंत तिचे खांदे दुखायला लागले. आता त्याने तिच्या घरी यायचं होतं, जेवायला. आणि तिच्या बाबांनी 'बघू' म्हटलं होतं. तिचे बाबा 'बघू' म्हणाले की ते पुढे बघत नसत. म्हणून ती मला वाचत होती. जेवणाला बसल्यावर बाप काय म्हणतो आणि मुलगा काय म्हणतो, एवढंच तिला हवं होतं. मला जाणवत होतं ना, ती पानं कशी भराभर उलटत होती. एकशे साठ. एकशे सत्तर. मला थांबवता आलं असतं तर मी थांबवलं असतं.

"हे काय!" ठमी म्हणाली.

ठमीच्या बाबांचं रंगाचं दुकान होतं. खाली दुकान, वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. त्याआधी तीस वर्षं ते लोकांच्या घरांना रंग द्यायचे. पांढऱ्याच्या सदतीस छटा ते दिव्याशिवाय ओळखायचे. घरात ते, त्यांची बहीण म्हणजे आत्या, आणि ठमी. तीन माणसं, तीन खुर्च्या. ठमीची आई ठमी लहान असतानाच गेली होती. तिची खुर्ची आत्या बसते ती.

ठमीने मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर विसरून ठेवलं, आणि दुपारी दुकान बंद करून आलेल्या बाबांनी मला उचललं. कानावर पेन्सिल तशीच. ते ओळीखाली बोट फिरवत वाचायचे. दोन दुपारी वाचत होते.

"ह्या पोराला वाचायला दिलाय की खायला?" पान चाळीसवर ते म्हणाले.

"काय झालं दादा?" आत्या भांडी पुसत होती.

"काही नाही. आता बदाम झाला."

दुसऱ्या दुपारी ते एकशे शहात्तरवर आले. पान उलटलं. परत मागे आले. अंगठ्याने शिवण चाचपली. मग मला उलटं धरून झटकलं.

"ठमे! इकडे ये. पानं कुठेयत?"

"कुठली पानं?"

"जेवणाची. तू फाडलीस?"

"बाबा, नव्हतीच. आकडे बघा ना. एकशे शहात्तर, एकशे सत्त्याहत्तर."

"आकडे मला दिसतायत. बाप काय म्हणाला ते दिसत नाही."

"लिहिलंय की," आत्या म्हणाली, "छान पार पडलं म्हणून."

"छान पार पडलं! असं कोण म्हणतं? बापाला विचारलं का कुणी?" त्यांनी मला टेबलावर आपटलं. मला राग आला नाही. माझ्या वतीने चिडलेला तो पहिलाच वाचक होता. "पोरगा आत आला. ठीक. बसला कुठे? बापाने त्याच्याकडे बघितलं तरी का? की हे आपलं असंच, दार उघडलं आणि झालं?"

ठमी हळूच म्हणाली, "तुम्ही काय म्हणाला असता?"

बाबांनी मला पुन्हा जवळ ओढलं. माझ्या फटीतला तो दुसरा बाप घसा खाकरायचा थांबला. ऐकत असावा.

"तीस वर्षं त्या गोऱ्यांच्या घरांत रंग दिला मी," बाबा म्हणाले. "बैठकीच्या खोल्या, जेवणाच्या खोल्या, बारशाच्या आधी, लग्नाच्या आधी. माणसं वाईट नव्हती. पाणी द्यायची, गार द्यायची. पण डबा खायची वेळ झाली की मी जिन्यावर. खाली वर्तमानपत्र. एकाही घरात एकही माणूस म्हणाला नाही, की बस. माझ्या कपड्यांना रंग असतो म्हणून, असं मी स्वतःला सांगायचो. एकदा मुद्दाम स्वच्छ कपडे नेले होते बदलायला."

"मग?" ठमीने विचारलं.

"मग काय! स्वच्छ कपड्यांत जिन्यावर."

आत्याने ताट पुसायचं थांबवलं होतं.

"रविवारी बोलाव त्याला," बाबा म्हणाले. "संध्याकाळी सातला. बघू बाप काय म्हणतो ते."

"आणि बसवणार कुठे?" आत्या म्हणाली. "खुर्च्या तीन आहेत."

चौथी खुर्ची खाली दुकानात होती, उंचावरचे डबे काढायला चढायची. तिच्यावर दुनियाभरच्या रंगांचे थेंब पडलेले. बाबांनी ती वर आणली, तीन दिवस घासली, खिळे ठोकले. मग छटांचं कार्ड घेऊन बसले. एका खुर्चीसाठी त्यांना इतका विचार करताना आत्याने कधी पाहिलं नव्हतं, आणि तिने ते बोलूनही दाखवलं.

"हिरवा देतो," शेवटी बाबा म्हणाले.

"हिरवा का?"

"कुणाच्याच कातडीचा नसतो."

शुक्रवारी पहिला हात दिला. आत्याने बोट लावून पाहिलं. "झाली की छान. आता पुरे."

"दुसरा हात रविवारी."

"रविवारी? अरे दादा, रविवारी तर तो यायचाय. वाळणार कधी?"

"किती वेळात वाळते ते मला माहितेय," बाबा म्हणाले.

मित्रांनो, मला रंगातलं कळत नाही. पण तीस वर्षं रंग देणाऱ्या माणसाला ते चांगलं कळत असणार. त्या वाक्यानंतर माझ्या फटीतून गार वारा आला आणि टेबलावरचा छटांचा कागद हलला. खिडकी बंद होती.

शनिवारी ठमीने मला लांबूकडे दिलं. "एकशे शहात्तरपर्यंत परत वाच. पुढचं वाचू नकोस, पुढचं खोटं आहे."

त्याने रात्र नि सकाळ मिळून वाचलं आणि रविवारी दुपारी तो बाकावर तिला म्हणाला, "ठमे, त्याने भावाला वाचवलं म्हणून त्याला बोलावलं. मी काय केलंय? मला तर पोहताही येत नाही."

"आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, लांबू. तळं नाहीये."

"मी चुकीचं काही बोललो तर?"

"तर बोल. कुणीतरी बोलायलाच हवंय."

संध्याकाळी सात वाजता मी लांबूच्या कापडी पिशवीत होते. पिशवीची चेन तुटलेली, म्हणून माझं एक टोक बाहेर. तो दारासमोर उभा राहिला. त्याने बेलवर बोट ठेवलं. आणि दाबेना.

मी ती ओळ रोज जगले आहे. मला ठाऊक आहे ते बोट किती वेळ तिथे राहू शकतं.

दारापलीकडून आवाज आले. खुर्ची सरकवल्याचा. मग ताटं. मग कुणीतरी घसा खाकरला. माझ्या फटीतूनही तेच, त्याच क्रमाने, त्याच वेळी. आत कुठलं आणि बाहेर कुठलं, मला कळेना. माझ्या एकशे शहात्तरवरची ती दोघं पुढे वाकली होती. ती लांबूकडे बघत होती.

बेल वाजली.

दार उघडलं. "ये," आत्या म्हणाली. "बाई गं, तू तर कपाटावरचं काढून देशील! पिशवी राहू दे तिथेच, चपलांपाशी." आणि त्याने मला बाहेर ठेवलं. दार लोटलं गेलं.

मित्रांनो, माझं नशीब असं आहे.

मी जे ऐकलं तेच सांगते. बाबांचा आवाज आला, "बस." मग खुर्ची करकरली. मग ठमी, एकदम वरच्या पट्टीत: "बाबा! ओली आहे ना ती?"

"आहे," बाबा म्हणाले.

आणि लांबूचा आवाज, बारीक पण सरळ: "मला समजतं."

कुणीच हसलं नाही. थोड्या वेळाने दार उघडलं आणि बाबा एकटेच बाहेर आले. दार त्यांनी मागे लोटून घेतलं. ते जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले, माझ्या शेजारी. अंगावर इस्त्रीचा शर्ट होता. हात गुडघ्यांवर, नखांत हिरवा रंग. किती वेळ गेला माहीत नाही. मग आत्या आली.

"दादा, इथे का बसलायस? ताटं वाढलीत."

"सवय," बाबा म्हणाले.

आत्या म्हणाली, "उठ. आपलाच जिना आहे हा."

"मला वाटलं होतं, डाग लागला की उठेल. चेहरा बघायचा होता मला त्याचा. उठून जिन्याकडे आला असता ना, तर मी..."

"उठला का?"

"नाही."

"मग?"

"बसलाय अजून."

"तर मग तूही बस ना," आत्या म्हणाली, "आत."

बाबा उठले. स्वतःच्याच दारासमोर उभे राहिले. दार नुसतं लोटलेलं होतं, तरी त्यांचा हात बेलकडे गेला. मी शपथेवर सांगते, त्यांच्या डाव्या-उजव्या बाजूला तेव्हा आणखी दोघं उभी होती, एक गोरी मुलगी आणि एक काळा मुलगा, आणि माझं पान एकशे शहात्तर रिकामं होतं. आत्याने दार ढकललं. सगळे आत गेले. दार बंद झालं.

पुढे ताटांचे आवाज. बाबांचा घसा. आणि ते बोलले! बोलले, मित्रांनो. पण बंद दारातून शब्द येत नाहीत, नुसता आवाजाचा आकार येतो. बराच लांब आकार होता. मग कुणीतरी हसलं, ती आत्या. मग ठमी. मग लांबू, एक टप्पा उशिरा. चौथं हसू आलं की नाही, हे मला सांगता येत नाही. नेमकं तेव्हाच त्यांच्याही वरच्या मजल्यावरून एक शेजारीण लोखंडी बादली आपटत खाली उतरली.

दीड तासाने लांबू बाहेर आला. त्याच्या पँटच्या मागे हिरवा चौकोन होता. तो खालच्या वळणावर पायरीवर बसला, त्याने मला बाहेर काढलं आणि मी नेहमीच्या जागी उघडले. तो खाली राहिलेल्या अर्ध्या कोऱ्या पानाकडे बघत राहिला. पेन शोधलं, नव्हतं. मग त्याने हात मागे नेऊन पँटवरून फिरवला आणि तीन ओली बोटं त्या कोऱ्या जागेवर ओढली. वरून खाली, सावकाश, लिहितात तशी. आणि मला मिटलं.

तो रंग चांगल्या प्रतीचा होता. सकाळपर्यंत पान एकशे शहात्तर आणि एकशे सत्त्याहत्तर एकमेकांना कायमची चिकटली. फट बुजली. तेव्हापासून माझ्यातून खुर्चीचा आवाज नाही, ताटांचा नाही, घशाचा नाही. दाराशी कुणी उभं नाही. इतकी शांतता मला माहीतच नव्हती. पहिले काही दिवस तर भीती वाटली.

लांबूने मला परतीच्या पेटीत टाकलं. ग्रंथपालबाईंनी मला उघडायचा प्रयत्न केला, नखाने, मग पट्टीने. मग माझ्यावर 'नुकसान'चा शिक्का मारला आणि शेरा लिहिला: 'पाने चिकटलेली. वाचण्यास अयोग्य. रद्दीत द्यावे.' पुस्तकांना रंग लावू नये, मित्रांनो. पुस्तकं जपावीत, कोरड्या हाताने हाताळावीत, दुमडू नयेत. हे मी मनापासून सांगते. माझ्यापुरतं मात्र मला एवढंच म्हणायचं आहे:

प्रति, मुख्य ग्रंथपाल. विषय: शेऱ्यात दुरुस्ती होणेबाबत. महोदया, उपरोक्त कादंबरीतील हिरव्या डागाची नोंद 'नुकसान' या सदरात झाली आहे. ती रद्द करून सदर डाग हे कादंबरीचे गहाळ प्रकरण म्हणून दाखल करून घ्यावे व त्यास पृष्ठ क्रमांक १७६-अ ते १७६-अं असे एकूण अकरा क्रमांक देण्यात यावेत. सदर पृष्ठे कोणत्याही कारणास्तव पट्टीने, नखाने अथवा यंत्राने विलग करू नयेत, कारण आतील मंडळी जेवणास बसलेली आहेत व त्यांचे अद्याप आटोपलेले नाही. ते आटोपून सर्वजण आपण होऊन बाहेर येईपर्यंत अर्जदार कादंबरीची मुदत वाढवून मिळावी, ही नम्र विनंती.